बीच बॉईजचे १९६७ ते १९६९ मधले चार आल्बम वगळावेत का?

प्रश्न थोडक्यात असा आहे: बीच बॉईज या अमेरिकन पॉप गटाचा ‘पेट साउंड्स’ ऐकून भारावून गेलो, म्हणून लगेच पुढचा ‘स्मायली स्माइल’ लावला, तर तो अर्धवट आणि घाईत उरकल्यासारखा वाटला. ‘वाइल्ड हनी’, ‘फ्रेंड्स’ आणि ‘२०/२०’ यांच्याबद्दलही फारसं चांगलं वाचायला मिळालं नाही. मग हे चार आल्बम सोडून थेट १९७० च्या ‘सनफ्लॉवर’कडे जावं का?

सोडू नका. समूहगानासाठी हार्मनी, म्हणजे एकाच वेळी वेगवेगळ्या सुरांत मिळून गाणं, बसवणं आणि गायकांची रेकॉर्डिंगं करणं हे माझं रोजचं काम. या कामात बीच बॉईजचा कुठला आल्बम सर्वांत जास्त उपयोगी पडला असं विचाराल, तर मी ‘पेट साउंड्स’चं नाव घेणार नाही, ‘फ्रेंड्स’चं घेईन. आणि ‘स्मायली स्माइल’ अर्धवट वाटला यात तुमच्या कानांचा दोष नाही. तो ‘पेट साउंड्स’च्या पाठोपाठ ऐकला की जवळजवळ सगळ्यांना तसाच वाटतो.

‘पेट साउंड्स’ कसा बांधलेला आहे ते आधी आठवा. गटाचा मुख्य संगीतकार ब्रायन विल्सन याने लॉस एंजेलिसमधले कसलेले स्टुडिओ वादक जमवले होते. हॅल ब्लेनचे ड्रम्स, कॅरोल केचा बास, त्यावर अकॉर्डियन, बासरी, तंतुवाद्यं, एका गाण्यात तर सायकलची घंटासुद्धा. हे सगळं आधी रेकॉर्ड व्हायचं आणि त्या भरगच्च वाद्यमेळावर मग गटाचे आवाज चढायचे, बरेचदा एकच ओळ दोनदा गाऊन, म्हणजे आवाज आणखी दाट व्हावा. पुढच्या आल्बममध्ये तो वाद्यमेळ बऱ्याच अंशी बाजूला झाला. एक ऑर्गन, एक पियानो, जेमतेम गिटार, आणि बाकी सगळा भार गळ्यांवर. तोही आवाज न चढवता, मायक्रोफोनच्या अगदी जवळ बसून गायलेला. या चार आल्बममध्ये बीच बॉईज हळू आवाजात हार्मनी गायला शिकले. हे जोरात गाण्यापेक्षा किती तरी अवघड असतं, आणि पॉप संगीतात त्यांच्याइतकं कुणी हे इतक्या सातत्याने केलेलं मी ऐकलेलं नाही. ‘सनफ्लॉवर’मधला जो गोडवा सगळे वाखाणतात तो इथेच तयार झाला.

मग हे आल्बम मागे का पडले? त्याची कारणं संगीताबाहेरची जास्त आहेत. ऑक्टोबर १९६६ मध्ये ‘गुड व्हायब्रेशन्स’ आलं आणि डिसेंबरमध्ये अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं. साडेतीन मिनिटांच्या त्या गाण्याचं काम फेब्रुवारी ते सप्टेंबर चालू होतं, चार वेगवेगळ्या स्टुडिओंमध्ये. तुकडे रेकॉर्ड करायचे आणि नंतर फिती जोडून गाणं उभं करायचं. याच पद्धतीने अख्खा आल्बम करायचा ब्रायनचा बेत होता, त्याचं नाव ‘स्माइल’, शब्द व्हॅन डाइक पार्क्सचे. मुखपृष्ठंसुद्धा छापून तयार होती. पण फेब्रुवारी १९६७ मध्ये गटाने कॅपिटॉल या आपल्याच कंपनीवर दोन लाख पंचावन्न हजार डॉलरच्या रॉयल्टीसाठी दावा लावला. ब्रायनचा धाकटा भाऊ आणि गटातला गायक कार्ल व्हिएतनाम युद्धाच्या सैन्यभरतीला नकार दिला म्हणून अटक होऊन कोर्टात उभा होता. ब्रायनची मनःस्थिती ढासळत होती. मे महिन्यात ‘स्माइल’ गुंडाळला गेला. जूनच्या सुरुवातीला बीटल्सचा ‘सार्जंट पेपर’ अमेरिकेत आला. त्याच महिन्यात मॉन्टरे इथल्या पॉप महोत्सवातून बीच बॉईजनी ऐन वेळी माघार घेतली, आणि सॅन फ्रान्सिस्कोकडच्या नव्या रॉक श्रोत्यांनी त्यांना कायमचं जुनाट ठरवून टाकलं.

अशा वर्षी, सप्टेंबरमध्ये, ‘स्मायली स्माइल’ बाजारात आला. लोक वाट पाहत होते महाकाव्याची, आणि हाती पडली अठ्ठावीस मिनिटांची कुजबुज. अमेरिकेत तो एक्केचाळिसाव्या क्रमांकावर अडकला. ग्रँड स्लॅमऐवजी बंट, असं कार्लने त्याचं वर्णन केलं होतं. बेसबॉलमध्ये चेंडू उंच भिरकावण्याऐवजी बॅटने नुसता हलकेच टेकवला की त्याला बंट म्हणतात. हे वाक्य इतकं गाजलं की पुढे कित्येकांनी आल्बम न ऐकताच तेच उगाळलं. माझ्या मते त्यात आल्बमची निंदा शोधण्याचं कारण नाही. तेवढंच करायचं ठरवून केलेलं काम होतं ते.

आता तो कसा केला ते बघा. बेल एअरमधल्या बेलाजिओ रोडवर ब्रायनचं घर होतं. तिथेच सामान लावलं. रेडिओ केंद्रात वापरतात तसलं साधं मिक्सर, एक बाल्डविन ऑर्गन, पियानो. स्टुडिओतली प्रतिध्वनीची खोली नव्हती, तेव्हा घुमारा हवा असला की पोहण्याच्या रिकाम्या केलेल्या तलावात जाऊन गायचं. त्याआधीच्या कित्येक आल्बमवर निर्माता म्हणून ब्रायनचं नाव असे. इथे पहिल्यांदा ‘निर्मिती: बीच बॉईज’ असं आलं.

‘वंडरफुल’ हे गाणं दोन रूपांत उपलब्ध आहे, ती दोन्ही एकामागून एक ऐका. १९६६ चं ‘स्माइल’मधलं रूप ब्रायनने हार्प्सिकॉर्ड या पियानोच्या जुन्या भावंडावर गायलंय, मागे एक ट्रम्पेट. स्वच्छ, नितळ, चर्चमध्ये शोभेल असं. ‘स्मायली स्माइल’मध्ये तेच गाणं कार्ल गातो, आणि गातो म्हणजे काय, घरात लेकरू झोपल्यावर बोलावं तशा आवाजात शब्द सोडतो. मध्येच गाणं थांबतं, एक गुणगुणता ठेका सुरू होतो, कुणी तरी खुसुखुसु हसतं, मागे बोलणी ऐकू येतात, आणि मग काहीच झालं नाही असं गाणं पुन्हा आपल्या वाटेला लागतं. पहिलं रूप सुंदर आहे यात वाद नाही. दुसऱ्यात मात्र माणसं दिसतात. रेकॉर्डिंगवाला म्हणून सांगतो, इतक्या हळू आवाजात सूर पक्का ठेवणं फार कठीण. श्वासाचा आधार कमी होतो, सूर खाली घसरायला लागतो. कार्लचा घसरत नाही.

‘विंड चाइम्स’चंही तसंच. गाणं बहुतेक पुटपुटल्यासारखं चालतं, मध्ये ऑर्गनचा एक बेसूर लोंढा येतो, दचकायला होतं. शेवटी चार-पाच आवाजांची एक ओळ येते, इतकी बारीक की आवाजाची कळ नेहमीच्या जागी असेल तर ती निसटून जाते. ती ओळ हेडफोनवर ऐका. ‘लिटल पॅड’मध्ये सुरुवातीला सगळे हसत सुटलेले आहेत, आणि त्या हसण्यातूनच हवाईच्या बेटाची आस लागलेली एक हार्मनी उगवते. ‘शीज गोइंग बॉल्ड’मध्ये ठेक्याची गती तीच ठेवून आवाजांची पट्टी यंत्राने वर वर चढवत नेली आहे. आज संगणकावर हे क्षणात होतं. १९६७ मध्ये त्यासाठी खास यंत्र लागायचं. ‘व्हेजिटेबल्स’मध्ये ताल धरला आहे कचाकचा भाजी चावण्याने. यातलं काही पोरकट वाटेल, आणि आहेच. पण ‘हीरोज अँड व्हिलन्स’ आणि ‘गुड व्हायब्रेशन्स’ ही दोन मोठी गाणी या आल्बममध्ये घातली, इथे मात्र खरं नुकसान झालं. त्यांच्या शेजारी बाकीची गाणी उगाच लहान दिसतात. ती दोन वगळून उरलेला आल्बम एकदा ऐका. त्याचा घाट लगेच कळतो.

‘वाइल्ड हनी’ त्याच वर्षीच्या डिसेंबरमधला, म्हणजे तीन महिन्यांत दुसरा. याबद्दल मी फार लिहिणार नाही, कारण चारांतला हा पटकन आवडणारा आहे. कृष्णवर्णीयांच्या सोल आणि रिदम अँड ब्लूज संगीताकडे तोंड करून केलेला आल्बम, आणि त्याचा नायक कार्ल. आल्बम आला तेव्हा त्याला एकविसावं वर्षही पूर्ण झालं नव्हतं. आदल्या आल्बममध्ये कुजबुजणारा हाच मुलगा ‘डार्लिन’मध्ये गळा मोकळा सोडून ओरडतो. ‘डार्लिन’ची चाल ब्रायनने १९६४ मध्ये शॅरन मरी या गायिकेसाठी केलेल्या एका गाण्यातून उचललेली. नव्या रूपात ती रेडवुड नावाच्या त्रिकुटाला द्यायचं ठरलं होतं, जे पुढे ‘थ्री डॉग नाइट’ म्हणून गाजलं. शेवटी ती बीच बॉईजकडेच राहिली आणि अमेरिकेत एकोणिसाव्या क्रमांकापर्यंत गेली. स्टीव्ही वंडरचं ‘आय वॉज मेड टू लव्ह हर’ गाण्याचं धाडस कार्लने केलंय, ते मला मुळाइतकं पटत नाही. ‘हाऊ शी बूगलूड इट’ हे तर भरतीचं गाणं.

पण ‘लेट द विंड ब्लो’ सोडू नका. तीन मात्रांची झुलती चाल, आणि आवाज एकमेकांच्या हातात ओळ देत पुढे जातात. ‘आय’ड लव्ह जस्ट वन्स टू सी यू’मध्ये ब्रायन घरातली बारीकसारीक कामं सांगत बसतो, जणू कुणाला सहज फोन केलाय. या साधेपणाचं पुढच्या आल्बममध्ये काय झालं ते खाली सांगतो. आणि शेवटची ‘मामा सेज’ ही मिनिटभराची वाद्यांविना आरोळी म्हणजे ‘स्माइल’मधल्या ‘व्हेजिटेबल्स’चा एक सुटा तुकडा. जुन्या कामाचे असे तुकडे पुढच्या आल्बममध्येही डोकावत राहतात, ओळखू यायला लागले की ऐकण्यातली गंमत वाढते.

आता ‘फ्रेंड्स’. जून १९६८. अमेरिकेत १२६ वा क्रमांक, तोपर्यंतची त्यांची सर्वांत वाईट कामगिरी. ब्रिटनमध्ये तो तेराव्या क्रमांकापर्यंत गेला. तिथले श्रोते या चारही आल्बमच्या बाबतीत जास्त समंजस ठरले. एप्रिलमध्ये मार्टिन ल्यूथर किंगची हत्या झाली होती, शहरं पेटली होती, जूनमध्ये रॉबर्ट केनेडींना मारलं. त्या उन्हाळ्यात मैत्री, झोप, मूल होणार म्हणून आनंद आणि अंग चेपून घेणं या विषयांवरचा पंचवीस मिनिटांचा आल्बम कोण विकत घेणार? पण या आल्बमची शांतता बेफिकिरीतून आलेली नाही. ती मेहनतीने जमवलेली आहे, आणि ब्रायननेही आपल्या गटाच्या आल्बममधला आपला आवडता म्हणून याचं नाव अनेकदा घेतलं होतं.

इथे एक धागा आपल्या देशाशी जुळतो. डिसेंबर १९६७ मध्ये पॅरिसला युनिसेफच्या कार्यक्रमात गट गायला, तिथे महर्षी महेश योगी भेटले. गटाचा गायक माइक लव्ह फेब्रुवारी १९६८ मध्ये त्यांच्या हृषीकेशच्या आश्रमात गेला, बीटल्स तिथे होते त्याच दिवसांत, आणि मार्चमधला आपला वाढदिवसही त्याने तिथेच साजरा केला. तो नसताना इकडे ब्रायनच्या घरी ‘फ्रेंड्स’चं काम पुढे सरकत होतं. ‘ॲना ली, द हीलर’ हे गाणं माइकला हृषीकेशला भेटलेल्या मालिश करणाऱ्या बाईवरून सुचलेलं. पुढे मे महिन्यात महर्षींनाच बरोबर घेऊन अमेरिकेत दौरा काढला: अर्धा वेळ गाणी, अर्धा वेळ प्रवचन. गाणी ऐकायला आलेली पोरं प्रवचनाला थांबेनात, तिकिटं खपेनात, थोड्याच कार्यक्रमांनंतर दौरा रद्द झाला. आल्बमच्या शेवटी ‘ट्रान्सेन्डेंटल मेडिटेशन’ नावाचं गाणं आहे. विषय ध्यानाचा आणि सॅक्सोफोन कर्कश. ते मला आजही खटकतं.

बाकी आल्बम मात्र ध्यानाच्या गप्पा न मारता शांत होतो. पहिलं गाणं ‘मेंट फॉर यू’ अवघं ३८ सेकंदांचं. तेही माइक लव्हच्या तोंडी, ज्याला आपण ‘सर्फिन’ यूएसए’चा खणखणीत नाकातला आवाज म्हणून ओळखतो. इथे तो इतका मऊ आहे की पहिल्यांदा ओळखू येत नाही. मग ‘फ्रेंड्स’, वॉल्ट्झच्या तीन मात्रांत. ‘बी हिअर इन द मॉर्निंग’ही तीन मात्रांत, त्यात गटातल्या ॲल जार्डिनने चढवलेला बारीक सूर आहे. दादऱ्यावर वाढलेल्या आपल्या कानांना ही चाल लगेच जवळची वाटते, त्यामुळे मराठी मित्रांना हा गट ऐकवताना मी नेहमी इथून सुरुवात करतो.

या आल्बममधलं एक गाणं सविस्तर सांगतो, ‘बिझी डूइंग नथिंग’. यात गटातलं दुसरं कुणी नाही, ब्रायन एकटा आहे, सोबत थोडे स्टुडिओ वादक आणि बोसा नोवा या ब्राझिलियन शैलीचा हलका ठेका. शब्द काय आहेत? त्याच्या घरी गाडीने कसं यायचं, कुठे वळायचं, याचा पत्ता. मग एका मित्राला फोन करायचाय, नंबर सापडत नाही, आठवून आठवून फिरवला तर घरी कुणी नाही, थोडा वेळ वाजू दिला, मग पेन्सिल घेऊन चिठ्ठी लिहिली. एवढंच. आता हे शब्द बाजूला ठेवून खालच्या कॉर्ड्सकडे, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या सुरांच्या जुळण्यांकडे, कान द्या. ज्या कॉर्डवर वाक्य संपेल असं वाटतं तिथे ती संपत नाही, अर्ध्या पायरीने सरकून भलतीकडे निघते, आणि चाल मात्र बोलल्यासारखी सहज वरून चालत राहते. विद्यार्थ्यांना मी हे गाणं पियानोवर बसवायला देतो. ऐकताना सोपं वाटलेलं गाणं बोटांखाली आल्यावर किती अवघड आहे ते त्यांना तिथे कळतं. इतकी गुंतागुंतीची रचना करून तिच्यावर फोन नंबर शोधण्याची गोष्ट ठेवणं, यात ब्रायनचं मोठेपण आहे. रिकाम्या सकाळीही त्याच्या मनात असलंच संगीत चालू असणार, असं हे गाणं ऐकताना वाटत राहतं.

आणि डेनिस. मधला भाऊ, ड्रमर, तिघांत एकटाच खरोखर लाटांवर जाणारा. तोवर गटात त्याला कुणी संगीतकार म्हणून मोजत नव्हतं. ‘फ्रेंड्स’मध्ये त्याची दोन गाणी आहेत, शब्द कवी स्टीफन कॅलिनिचचे. ‘लिटल बर्ड’मध्ये चेलो, बँजो, ट्रम्पेट, आणि शेवटाकडे ‘स्माइल’मधल्या ‘चाइल्ड इज फादर ऑफ द मॅन’चा एक तुकडा. ‘बी स्टिल’मध्ये फक्त ऑर्गन आणि डेनिसचा आवाज. त्याचा आवाज खरखरीत, सुरांत थोडा डळमळता, भावांसारखा घासूनपुसून लख्ख केलेला नाही. गटाच्या चकचकीत हार्मनीशेजारी असा एक कच्चा आवाज असणं किती गरजेचं होतं ते या दीड मिनिटात कळतं. पुढे १९७७ मध्ये त्याने काढलेल्या एकट्याच्या आल्बमची आज एवढी स्तुती होते, त्याची सुरुवात इथे आहे.

‘२०/२०’ फेब्रुवारी १९६९ चा. कॅपिटॉलशी तेव्हा असलेल्या करारातला हा शेवटचा स्टुडिओ आल्बम, आणि संकलनं व मैफलींचे आल्बम धरून विसावा म्हणून हे नाव. मुखपृष्ठावर ब्रायन नाही. आत उघडलं की डोळे तपासायच्या तक्त्याच्या मागे तो दिसतो. आल्बमही तसाच आहे. जो तो आपापलं गाणं घेऊन आलाय आणि सगळ्यांना एकत्र बांधणारा माणूस मागे उभा. म्हणून तो एकसंध नाही, ते मी कबूल करतो. ‘ब्लूबर्ड्स ओव्हर द माउंटन’ आणि ‘ऑल आय वाँट टू डू’ ही दोन मी सरळ पुढे ढकलतो. लेडबेली या लोकगायकामुळे लोकांना माहीत झालेलं ‘कॉटन फील्ड्स’ इथे ठीक आहे. पण ॲलचं समाधान झालं नाही, त्याने ते नंतर पुन्हा रेकॉर्ड करून घेतलं, आणि तेच जास्त चाललं.

‘नेव्हर लर्न नॉट टू लव्ह’बद्दल लिहिताना एक गोष्ट सांगायलाच हवी. हे मुळात चार्ल्स मॅन्सनचं गाणं, १९६८ मध्ये तो आणि त्याची टोळी डेनिसच्या घरी राहत होती. डेनिसने शब्द बदलले, नाव फक्त स्वतःचं लावलं. मॅन्सनच्या माणसांनी केलेले कुप्रसिद्ध खून ऑगस्ट १९६९ मधले, आल्बम त्याआधीचा. मी ते गाणं विद्यार्थ्यांना लावत नाही. त्यातली आवाजांची मांडणी चांगली आहे हे माहीत असूनही लावत नाही.

पण याच आल्बममध्ये ‘टाइम टू गेट अलोन’ आहे, आणि ते या सगळ्या काळातलं मला सर्वांत आवडणारं गाणं. ‘डार्लिन’प्रमाणे हेही रेडवुडसाठी सुरू केलेलं. पुन्हा तीन मात्रा, बर्फाळ डोंगरावर दोघांनी जाण्याचं चित्र, कार्लचा मुख्य आवाज. मध्ये सगळे आवाज मिळून खोली आणि रुंदी सांगणारे दोनच शब्द गातात तेव्हा एकेक आवाज असा उघडत जातो की खरोखर दरी समोर आल्यासारखं होतं. ‘आय वेंट टू स्लीप’ हेही ब्रायनचंच, दीड मिनिटाचं, ‘फ्रेंड्स’मध्ये सहज बसलं असतं. ‘आय कॅन हिअर म्युझिक’ हे रोनेट्सचं गाणं कार्लने स्वतः निर्मिती करून घेतलंय. मध्ये वाद्यं थांबतात आणि नुसते आवाज उरतात, तिथे कळतं की मोठ्या भावाकडून तो काय काय शिकला होता. ‘डू इट अगेन’ ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेलं. वरवर जुन्या समुद्रकिनाऱ्याची आठवण, पण सुरुवातीचा तो तुटक ड्रम ऐका: फितीवर आवाज थोडा मागे ठेवून पुन्हा मिसळलाय. आणि शेवटी हातोड्याची ठकठक ऐकू येते, तीही ‘स्माइल’च्या फितींमधली.

आल्बमची शेवटची दोन गाणी तर अख्खी ‘स्माइल’चीच. ‘अवर प्रेयर’ला शब्द नाहीत, वाद्यं नाहीत. १९६६ मध्ये गायलेलं. नोव्हेंबर १९६८ मध्ये कार्ल, डेनिस आणि गटातलाच ब्रूस जॉन्स्टन यांनी त्यावर आणखी आवाज चढवले. ‘कॅबिनेसन्स’चं मुख्य गायन कार्लने तेव्हाच पूर्ण केलं. ब्रायनला त्या फितींकडे पुन्हा वळायचं नव्हतं. धाकट्या भावांनी त्याच्या गैरहजेरीत त्याचं काम हळुवार हातांनी पुरं केलं, हे माहीत असताना ‘अवर प्रेयर’ ऐकणं वेगळंच होतं.

ऐकायचं कसं, याबद्दल थोडं. गाणं म्हणजे मुख्य चाल आणि शब्द, मागचे आवाज म्हणजे भरण, अशी आपल्याकडे बहुतेकांची सवय. बीच बॉईज तसे ऐकले तर अर्धं हातातून जातं. ब्रायनने ही विद्या फोर फ्रेशमेन या जॅझ चौकडीच्या रेकॉर्ड्सवरून उतरवली होती, पियानोवर बसून एकेक सूर शोधत, आणि मग भावांना व आतेभाऊ माइकला ज्याचे त्याचे सूर शिकवत. म्हणून प्रत्येक आवाजाला स्वतःची चाल आहे. तळाला माइक, मध्ये कार्ल, ॲल आणि ब्रूस, वर फॉल्सेटोत, म्हणजे पातळ उंच आवाजात, ब्रायन. पहिल्यांदा मुख्य चाल ऐका. दुसऱ्यांदा फक्त माइकचा तळाचा आवाज धरा आणि त्याच्याबरोबर गुणगुणा. तिसऱ्यांदा मधला एक पकडा, सर्वांत कठीण तोच. ‘वेक द वर्ल्ड’ यासाठी छान आहे. दीड मिनिटाचं आहे आणि ध्रुवपदात ट्युबा तळ इतका स्पष्ट दाखवतो की चुकायला होत नाही.

आवृत्तीचंही महत्त्व आहे. ब्रायनला उजव्या कानाने जवळजवळ ऐकू येत नसे. १९६५ पासून ‘वाइल्ड हनी’पर्यंत त्याचे आल्बम मोनोतच मिसळलेले आहेत, आणि कॅपिटॉलने दुकानांसाठी त्यांचं कृत्रिम स्टिरिओ करून विकलं. जुन्या अमेरिकन एलपीवर ते मिळालं तर घेऊ नका, आवाज गढूळ होतो. ‘स्मायली स्माइल’ मोनोत ऐका. ‘वाइल्ड हनी’चं खरं स्टिरिओ मिश्रण २०१७ च्या ‘१९६७: सनशाइन टुमॉरो’ या संचात आलं, त्यात आवाज वेगवेगळे उमगतात, शिकणाऱ्याने तेच घ्यावं. ‘फ्रेंड्स’ मुळातच स्टिरिओत आहे. २०१८ मध्ये ‘फ्रेंड्स’ आणि ‘२०/२०’ या दोन्हींच्या सत्रांचे स्वतंत्र डिजिटल संच निघाले, त्यांत काही गाण्यांचे नुसते आवाज आणि नुसती वाद्यं ऐकायला मिळतात. आवाज धरायचा सराव करायला याहून चांगलं साधन नाही.

क्रम मी असा सुचवेन: आधी ‘फ्रेंड्स’, सलग, संध्याकाळी, हेडफोनवर. मग ‘वाइल्ड हनी’. मग ‘२०/२०’मधली वर सांगितलेली निवडक गाणी. ‘स्मायली स्माइल’ सर्वांत शेवटी, कारण तोवर कान हळू आवाजाला सरावलेले असतील. २०११ मध्ये निघालेला ‘स्माइल सेशन्स’चा संच या चारही आल्बमनंतरच उघडा. तो आधी ऐकला तर ‘वंडरफुल’ आणि ‘विंड चाइम्स’ पुन्हा अर्धवट वाटायला लागतील. ‘सनफ्लॉवर’ त्यानंतर केव्हाही. त्यातलं डेनिसचं ‘फॉरएव्हर’ मात्र ‘बी स्टिल’ ऐकल्यावरच लावा.